भिंतीआडचे वायफाय

पूर्वी परगावी हॉटेलात उतरल्यावर घरातल्या बाईचा पहिला प्रश्न असे, 'गरम पाणी किती वाजेपर्यंत येते?' हल्ली त्याच्याही आधी दुसरा प्रश्न येतो, 'वायफायचा पासवर्ड काय?' रिसेप्शनवरचा मुलगा हसतमुखाने चिठ्ठी पुढे करतो. खाली लॉबीत, सोफ्यावर बसल्या बसल्या, सगळ्यांचे मोबाईल जोडले जातात. मग सामान वर जाते, खोलीचे दार लागते आणि मोबाईलवरच्या त्या पंख्यासारख्या चिन्हाच्या रेघा एकामागून एक विझतात. फोन करावा तर खालून उत्तर येते, 'मॅडम, नीचे तो एकदम फुल आ रहा है!'

खाली पूर्ण येते आणि वर येत नाही, याचा राग हॉटेलवर काढून उपयोग नसतो. कारण समजून घेतले तर अर्ध्या वेळा त्यावर उपायही सापडतो.

गाझियाबादचेच उदाहरण घेऊ. हे गावच मुळी एका सराईतून उभे राहिले. १७४० मध्ये वजीर गाझिउद्दीनने इथे कमानींची, पक्क्या बांधणीची १२० खोल्यांची सराई बांधली आणि वस्तीला गाझिउद्दीननगर नाव पडले. पुढे रेल्वे आली आणि ते लांबलचक नाव आटोपून गाझियाबाद झाले. प्रवाशांना निवारा देण्याचे काम मात्र या गावाने सोडले नाही. दिल्लीत खोली परवडत नाही, लग्नाचे कार्यालय इकडेच आहे, मुलाची परीक्षा वा मुलाखत नोएडात आहे, वडिलांचे ऑपरेशन वैशालीच्या रुग्णालयात आहे, अशा कितीतरी कारणांनी महाराष्ट्रातली माणसे इथे मुक्काम करतात. साहिबाबादहून २०२३ च्या ऑक्टोबरात 'नमो भारत' गाडी धावू लागली आणि २०२५ मध्ये हिंडनच्या विमानतळावरून मुंबईला थेट विमाने सुरू झाली. येणे-जाणे सोपे झाले. अडते ते खोलीत पोहोचल्यावर.

समजा, नाशिकची एक सून भाच्याच्या लग्नासाठी इथे आली आहे. रजा दोनच दिवसांची. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तिची ऑफिसची बैठक आहे, लॅपटॉपवर, चेहरा दाखवून. या बैठकीवर तिची बढती अवलंबून आहे. नवरा हळद-मेंदीत गुंतलेला, सासूबाईंना चौथ्या मजल्यावरची शांत खोली हवी होती आणि त्याच शांत खोलीत वायफायची एकच रेघ! तिने काय करावे?

आधी निदान, मग औषध

वायफाय म्हणजे एक प्रकारचा रेडिओच. त्याच्या लहरी दोन प्रमुख पट्ट्यांत चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यातली लहर साधारण बारा सेंटिमीटर लांबीची, दुसरीतली त्याच्या निम्म्याहून कमी. लांब लहर भिंतीतून बऱ्यापैकी पार होते पण तिचा वेग कमी. आखूड लहर वेगवान, पण भिंत आली की लवकर दमते. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झाले की सिग्नलची ताकद चौथाईवर येते. मध्ये भिंती आल्या की आणखी घट.

भिंती-भिंतींतही फरक असतो. लाकडी दार, जिप्समचे पार्टिशन यांतून लहरी सहज जातात. विटांची भिंत त्या थोड्या अडवते. लोखंडी सळ्यांचे काँक्रीट, लिफ्टचा लोखंडी पाळणा, मोठा आरसा, लोखंडी कपाट ही मात्र खरी शत्रुसेना. आरशाच्या मागे धातूचा थर असतो, तो लहरी परतवतो. पाणी त्या शोषून घेते. म्हणून लिफ्टच्या मागची किंवा न्हाणीघरांच्या रांगेपलीकडची खोली वायफायच्या दृष्टीने अभागी ठरते. बहुतेक हॉटेलांत वायफायचे पांढरे डबे खोलीत नसतात, बाहेरच्या बोळात छताला लावलेले असतात. तेव्हा खोलीत सिग्नल येतो तो बहुधा दारातून. खिडकीजवळचे सुंदर टेबल हे दारापासून सर्वांत लांब असते, आणि लॅपटॉप नेमका तिथेच मांडला जातो.

म्हणून पहिले काम फिरून पाहण्याचे. मोबाईल हातात घेऊन बोळात त्या पांढऱ्या डब्याखाली उभे राहावे आणि एखादा व्हिडिओ लावून पाहावा. तिथे तो सुरळीत चालला आणि खोलीत अडकला, तर दोष अंतराचा व भिंतीचा. तो आपल्याला काही अंशी दूर करता येतो. पण डब्याखालीसुद्धा चित्र अडकत असेल, तर दोष हॉटेलच्या मुख्य जोडणीचा. एकाच नळावर साऱ्या वऱ्हाडाने बादल्या लावल्यावर पाण्याची धार बारीक व्हायचीच. तिथे कितीही यंत्रे आणली तरी धार वाढणार नाही. मोबाईलवरच्या रेघा फक्त आपल्यापासून डब्यापर्यंतचा रस्ता दाखवतात, डब्याच्या पलीकडचा नाही, हे एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ पैसे आणि मनस्ताप वाचतो.

अँड्रॉइड फोनवर सिग्नलची ताकद आकड्यात दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. आकडा ऋण असतो. उणे ६५ च्या आसपास असला तर चेहरा दाखवून बोलता येते. उणे ८० च्या पुढे गेला तर नुसते निरोप जातील, बैठक होणार नाही. आकडा पाहत खोलीत चार ठिकाणी फिरले की नेमकी चांगली जागा सापडते, आणि ती अनेकदा दारालगतची असते.

खर्च न करता होणारे उपाय

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खोली बदलून मागणे. खोली घेतानाच, 'ज्या खोलीत वायफाय चांगले येते ती द्या,' असे स्पष्ट सांगावे. कोणत्या खोलीतून तक्रार येते हे रिसेप्शनवरच्या माणसाला पाठ असते. विचारले नाही तर तो आपणहून सांगणार नाही, एवढेच.

दुसरा उपाय टेबल हलवण्याचा. लॅपटॉप दाराजवळ, जमिनीपासून जरा उंच ठेवावा. आरसा आणि कपाट त्याच्या व दाराच्या मध्ये येऊ देऊ नयेत. एकाच हॉटेलच्या नावाचे दोन पट्टे दिसत असतील तर दूरच्या खोलीत २.४ चा आणि डब्याजवळच्या खोलीत ५ चा निवडावा. मोबाईल जुन्याच, म्हणजे लॉबीतल्या, डब्याला चिकटून बसलेला असतो, हेही पुष्कळदा घडते. वायफाय एकदा बंद करून पुन्हा सुरू केले की तो जवळचा डबा शोधतो.

तिसरा उपाय वेळेचा. लग्नसराईत हॉटेल भरलेले असते तेव्हा रात्री नऊ ते अकरा सारे वऱ्हाड मोबाईलवर. मोठ्या फायली पाठवायच्या असतील तर पहाटे पाठवाव्यात. सहा वाजता ज्या कामाला पाच मिनिटे लागतात त्याला रात्री तास लागू शकतो.

चौथा उपाय उलट्या बाजूने विचार करण्याचा. वायफाय दारातून येते, पण मोबाईल कंपनीचा सिग्नल बहुधा खिडकीतून येतो. मोबाईलच्या हिशेबात गाझियाबाद दिल्लीच्याच सेवाक्षेत्रात मोडते, आणि देशात ५जी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाल्यापासून डेटाचा वेग वाढला आहे. तेव्हा फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून त्याचा हॉटस्पॉट सुरू करावा, किंवा फोन तारेनेच लॅपटॉपला जोडावा. तासाभराच्या चेहरा दाखवून होणाऱ्या बैठकीला साधारण एक जीबी डेटा लागतो. महत्त्वाच्या कामाच्या आदल्या रात्री एवढा डेटा शिल्लक आहे ना, हे पाहून ठेवणे केव्हाही शहाणपणाचे.

यंत्रांची मदत

यातले काहीच पुरले नाही, तर यंत्रांकडे वळावे.

भिंतीतल्या प्लगला लावायचा रिपीटर अनेक घरांत असतो. तो हॉटेलातही नेता येतो, पण दोन अडचणी येतात. पहिली, साधा रिपीटर एकाच कानाने ऐकतो आणि त्याच तोंडाने बोलतो. ऐकताना बोलता येत नाही, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. दोन पट्ट्यांचा रिपीटर असेल तर एका पट्ट्यावर घेऊन दुसऱ्यावर देतो, नुकसान कमी होते. दुसरी अडचण हॉटेलच्या त्या पानाची. जोडणी झाल्यावर जे पान उघडते, ज्यात खोली क्रमांक, मोबाईल क्रमांक आणि ओटीपी भरायचा असतो, तिथे घरगुती रिपीटर पुष्कळदा अडकतो.

प्रवासासाठी खास असतो तो खिशात मावणारा ट्रॅव्हल राउटर. मोबाईलच्या चार्जरवर चालतो. हॉटेलच्या लेखी तो एकच पाहुणा. आपण फोन त्या राउटरला जोडायचा, फोनवरूनच हॉटेलचे ते पान भरायचे, की राउटर आत शिरतो. मग लॅपटॉप, नवऱ्याचा फोन, सासूबाईंची टॅब्लेट ही सगळी आपल्या स्वतःच्या नावाच्या, स्वतःच्या पासवर्डच्या जाळ्यावर. तो दाराजवळ, जिथे हॉटेलचा सिग्नल चांगला आहे तिथे ठेवायचा. नेमकी इथेच लोक चुकतात. सिग्नल जिथे मेला आहे तिथे, म्हणजे पलंगाच्या उशाशी, राउटर ठेवतात आणि म्हणतात यंत्र वाया गेले! ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? रिपीटर असो वा राउटर, त्याची जागा चांगल्या आणि वाईट सिग्नलच्या मध्ये.

टेबलामागे भिंतीत इंटरनेटच्या तारेची जागा, म्हणजे लॅन पोर्ट, दिसत असेल आणि ती चालू असेल, तर नशीबच म्हणायचे. राउटर तारेने तिथे जोडला की भिंतीचा प्रश्नच उरत नाही. मात्र टीव्हीची तार न विचारता उपटू नये. आधी खाली फोन करावा.

एकट्या लॅपटॉपचाच प्रश्न असेल तर त्याहून सोपी युक्ती आहे. लहानशा अँटेनाचा यूएसबी वायफाय अ‍ॅडॉप्टर घ्यावा आणि तो यूएसबीच्या लांब तारेने दारापाशी ठेवावा. लॅपटॉप टेबलावर, कान मात्र दाराशी! ही तार पाच मीटरपर्यंत ठीक चालते, आणि हॉटेलच्या खोलीला तेवढी पुरते. विंडोजच्या लॅपटॉपवरून स्वतःचा हॉटस्पॉट देण्याची सोय असते, तर काही अँड्रॉइड फोन आलेले वायफाय पुढे वाटू शकतात. आयफोन मात्र फक्त मोबाईलचा डेटा वाटतो, वायफाय नाही.

बाजारात एक गोष्ट सर्रास विकली जाते, ती मात्र घेऊ नये. ती म्हणजे मोबाईल सिग्नल बूस्टर. वायफायचा राउटर आणि मोबाईलचा बूस्टर यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २००५ च्या जानेवारीत परवानामुक्त केला, ताकदीची मर्यादा घालून. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचाही मोठा भाग खुला झाला. त्यामुळे मान्यताप्राप्त राउटर वापरायला परवाना लागत नाही. मोबाईल कंपन्यांच्या पट्ट्यांवर चालणारा बूस्टर परवानगीशिवाय बसवणे मात्र बेकायदा आहे. तो शेजाऱ्यांचे फोनही बिघडवतो.

हॉटेलवाल्याला विचारावे का?

जरूर विचारावे. बहुतेक ठिकाणी नकार येत नाही. काही हॉटेले एका खोलीला दोनच साधने देतात आणि जास्तीचे पैसे घेतात. तिथे राउटर लावून नियम चुकवणे योग्य नव्हे.

याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट मुद्दाम तोडले जात होते आणि हॉटेलच्या जोडणीसाठी प्रदर्शनवाल्यांकडून दर साधनामागे २५० ते १००० डॉलर आकारले जात होते. तिथल्या दूरसंचार आयोगाने २०१४ च्या ऑक्टोबरात ते हॉटेल चालवणाऱ्या मॅरियट कंपनीला सहा लाख डॉलर भरायला लावले. पाहुण्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या डेटावर हॉटेलचा हक्क नाही, असा त्याचा मथितार्थ.

उघड्या दाराची किंमत

आता सर्वांत महत्त्वाचे. राउटर लावला की आपण वायफायचे गिऱ्हाईक राहत नाही, वाटणारे होतो. त्या जाळ्यावरून कोणी काय केले याचा माग आपल्या ओटीपीपर्यंत, आपल्या खोली क्रमांकापर्यंत येतो.

हे घडून गेले आहे, तेही महाराष्ट्रात. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला. तपासात तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या इंटरनेट जोडणीवरून गेल्याचे निघाले. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्याचे वायफाय कुलूपबंद नव्हते, एवढेच. पण त्याला चौकशीच्या चक्रातून जावे लागले. त्याच वर्षी पुढचे दोन ई-मेलही असेच मुंबईतल्या दुसऱ्यांच्या वायफायवरून गेले, एक महाविद्यालयाच्या आणि एक चेंबूरच्या कंपनीच्या. त्यानंतर, फेब्रुवारी २००९ मध्ये, दूरसंचार विभागाने सार्वजनिक वायफाय देताना वापरणाऱ्याची ओळख ठेवण्याचे आदेश दिले. एकतर ओळखपत्राची प्रत, नाहीतर मोबाईलवर पाठवलेला संकेत. हॉटेलात आपल्याला वैताग आणणारा तो ओटीपी आला तो या वाटेने.

म्हणून आपल्या राउटरला पासवर्ड हवाच, आणि तो '१२३४५६७८' नसावा. राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. शेजारच्या खोलीतल्या वऱ्हाडी मुलाने, 'आंटी, पासवर्ड दो ना,' म्हटले तर त्याला हॉटेलचा पासवर्ड सांगावा, आपला नाही. कठोर वाटले तरी चालेल.

दुसरा धोका आपल्याच खिशाला. हॉटेलच्या नावासारखेच नाव ठेवून कोणीही वायफाय सुरू करू शकतो. सिग्नल कमी असलेला पाहुणा अशा जाळ्यात चटकन सापडतो, कारण त्या नकली नावापुढे रेघा भरघोस दिसतात! म्हणून नेमके नाव रिसेप्शनवर विचारूनच जोडावे. हॉटेलच्या वायफायवर असताना 'अमुक अपडेट करा' अशी चौकट आली तर ती बंद करावी. अशाच खोट्या अपडेटच्या मार्गाने हॉटेलात उतरलेल्या बड्या अधिकाऱ्यांचे संगणक पोखरले जात असल्याचे कॅस्परस्की या संस्थेने २०१४ मध्ये उघड केले होते. बँकेचे व्यवहार मोबाईलच्या डेटावरच करावेत. वायफायसाठी आलेला ओटीपी आणि बँकेचा ओटीपी यांची गल्लत होऊ देऊ नये, विशेषतः घरातल्या ज्येष्ठांची. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

मग त्या सुनेने काय करावे?

आदल्या रात्रीच बोळात जाऊन डब्याखाली व्हिडिओ लावून पाहावा. चालला तर टेबल दाराशी ओढावे, किंवा ट्रॅव्हल राउटर दाराच्या कोपऱ्यात लावावा. नाही चालला तर यंत्रांच्या मागे न लागता सरळ फोनचा डेटा, खिडकी आणि तार. फोन पूर्ण चार्ज केलेला. बैठकीच्या वेळी खोलीतल्या बाकीच्यांच्या मोबाईलचे वायफाय तासभर बंद. सासूबाईंना तेवढा वेळ लॉबीत बसवावे. तिथे वायफाय फुल असते, आणि नातवंडाशी व्हिडिओवर बोलायला त्यांना तेच हवे असते! आणि काहीच जमले नाही तर बैठकीत चेहरा बंद ठेवून आवाज चालू ठेवावा. आवाजाला चित्राच्या मानाने अगदी थोडा डेटा लागतो. 'सिग्नल कमी आहे, म्हणून चित्र बंद ठेवते,' असे सुरुवातीलाच सांगितले तर कोणी वाईट मानत नाही. वाक्य अर्धवट तुटले आणि माणूस नाहीसा झाला, की मात्र मानतात.

निघताना खोली सोडण्यापूर्वी चार्जर, चष्मा, औषधे यांच्यासोबत दाराच्या कोपऱ्यातला तो छोटा राउटरही आठवणीने बॅगेत टाकावा. फोनमधून हॉटेलचे वायफाय 'विसरा' हा पर्याय दाबावा. हॉटेलचे बिल चुकते करतो, तसे हेही खाते बंद करूनच गाडीत बसावे.